सातच्या आधीचं गरम पाणी

यंदा थंडी उशिराच आली. डिसेंबर अर्धा सरला तरी पंखा एकवर फिरत होता आणि आमचे हे रोज चहाच्या वेळी, पुण्याची थंडी आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे, असं एकदा तरी ऐकवत होते. मग गेल्या आठवड्यात एके सकाळी उठले तर बाटलीतलं खोबरेल तेल गोठलेलं. गॅलरीत आले तर नदीच्या बाजूला धुकं, समोरच्या टपरीवर कॉलेजची मुलं कान झाकून चहाभोवती उभी, कुठल्या तरी घरातून गवती चहाचा वास. कपाटातून स्वेटर काढले, डांबरगोळ्या वेचून डबीत भरल्या. थंडी हा माझा लहानपणापासूनचा लाडका ऋतू. मटार, ओला हरभरा, पेरू, बोरं, उन्हाकडे पाठ करून बसणं, सगळंच आवडायचं. आता खोबरेल गोठलेलं दिसलं की तीच थंडी नकोशी होते. ते का होतं, हे मी परवापर्यंत कोणाला धड सांगितलं नव्हतं.

त्याच सकाळी खालची मुलगी वर आली. आमच्या बरोबर खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सध्या तीन मुली भाड्याने राहतात. कर्वेनगरात दुसरं आहे काय, कॉलेजं आणि भाडेकरू. ती दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, एक विचारायचं होतं. अ‍ॅक्च्युअली माझं कॉलेज सातचं आहे. सातच्या आधी गरम पाणी घेतलं तर चालेल का? एजंटने सांगितलं होतं, या बिल्डिंगमध्ये ते अलाउड नाहीये."

मी म्हटलं, घे की बाई, कोण काय म्हणतंय. तरी तिचा विश्वास बसेना. नियम आहे म्हणाले, असं दोनदा म्हणाली आणि मग थँक्यू काकू करून पायऱ्या उतरून गेली. मी दाराची कडी धरून तशीच उभी. तो नियम माझा होता. मी केलेला, माझ्या अक्षरात लिहिलेला. ज्यांच्यासाठी केला ती माणसं घर सोडून गेली, पाटीसुद्धा निघाली, आणि नियम मात्र एजंटच्या तोंडून एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे चालला आहे.

तीन वर्षं झाली त्याला. त्या वर्षी थंडी वेळेवर आली होती, दिवाळी संपता संपताच. आणि दिवाळीच्या आधी यांचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी औषधांची यादी दिली आणि वर सांगितलं की सगळ्यात मोठं औषध म्हणजे झोप. सातच्या आधी उठवायचं नाही. मी मान डोलावली. सांगितलेलं काम बिनचूक करायचं हा माझा जन्माचा रोग आहे. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते मी. कालवे, जलसेतू, दरवाजे यांचे नकाशे काढायचे. माझ्या नकाशावर कधी शाईचा ठिपका पडला नाही आणि माझ्या अक्षराला साहेब लोक छापील म्हणायचे. या गोष्टीचा मला गर्व होता, अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

आमच्या झोपण्याच्या खोलीला लागून बाथरूम आहे. त्या भिंतीतून गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खाली जातं. तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट कायम बंद, मालक परदेशात. दुसऱ्यावर आम्ही. पहिल्यावर बागवान. म्हणजे पहाटे त्या पाइपातून पाणी वाहिलं तर ते एकाच घरासाठी. साडेपाचला बरोबर यांच्या उशाशी भिंतीत आधी एक टक् व्हायचं. मग थोडं थांबून टक् टक्. मग कोणी नखाने खरवडावं तसा आवाज, आणि शेवटी एक ठण्ण. अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रकार, जरा हळू. पहिल्या टक्‌लाच हे दचकून उठून बसायचे आणि त्यांचा हात छातीवर जायचा. मी दिवा न लावता त्यांच्या श्वासाकडे बघत राहायचे. नवऱ्याची छाती वरखाली होते आहे की नाही हे रोज पहाटे मोजणं म्हणजे काय, हे ज्या बाईने केलंय तिलाच ठाऊक.

सोसायटीचा प्लंबर आला. लाइनमध्ये हवा धरलीय म्हणाला, गच्चीवर जाऊन काहीतरी सोडलं, फुस्स झालं, झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला टक्. मग सोलर बसवणारा माणूस आला. त्याने टाकी पाहिली, व्हॉल्व्ह फिरवले, आमच्यात काही फॉल्ट नाही म्हणाला आणि गेला. तेव्हा मी ठरवलं, आता आपणच बघायचं. मी वही घेतली. आवाज किती वाजता, किती वेळ, कोणत्या क्रमाने, सगळं तक्ता आखून लिहिलं. भिंतीला स्टीलचा पेला लावून ऐकलं. गच्चीपासून तळापर्यंत पाइपचा नकाशासुद्धा काढला, हो, मापाने. आठ दिवसांत माझा निष्कर्ष तयार. खाली नळ सुटला की आवाज. नळ बंद झाला की थोड्या वेळाने पुन्हा आवाज, म्हणजे दुसऱ्यांदा नळ सुटला. खालच्यांनी नळ सोडलाच नाही तर आवाज होणारच नाही. गणित इतकं सरळ होतं की मला कोणाला विचारायची गरज वाटली नाही.

खालचे म्हणजे कोण हे सांगायला हवं. हारून बागवानचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. तो पहाटे साडेचारलाच बाहेर पडायचा आणि आंघोळ दुपारी परतल्यावर करायचा. त्याची बायको शाहीन, एका शाळेत शिक्षिका. आणि हारूनची आई. तिला सगळी सोसायटी बागवान आजी म्हणायची, मी एकटी अम्मा म्हणायचे. मी अम्मा म्हणायचे कारण आमची बारा वर्षांची गट्टी होती. थंडीत हारून मटारचं पोतं आणायचा आणि आम्ही दोघी जिन्यात, जिथे अकराच्या सुमाराला ऊन येतं त्या पायरीवर, परात घेऊन मटार सोलत बसायचो. अम्मा सोलता सोलता अर्धे खायची आणि दाणे कमी भरले की शेंगांना नावं ठेवायची. तो फ्लॅट तिच्या नवऱ्याने आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेला आणि घेतल्यावर वर्षभरात तो गेला. त्यामुळे तिचा त्या घरावर फार जीव. ती दर थोड्या दिवसांनी मला सांगायची, "सुमन, मला काही झालं तर इकडे तिकडे ठेवू देऊ नको. मी ह्याच घरातनं जाणार." मी म्हणायचे, आधी मटार संपव, मग जा.

साडेपाचला नळ सोडणारी अम्मा होती. नमाजाच्या आधी हातपाय, तोंड धुवायला. संधिवाताने धरलेली तिची बोटं थंड पाण्याने आखडायची.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी खाली जाऊन तिला, अम्मा, असा आवाज येतो, यांना त्रास होतो, काय करू या, एवढं विचारलं नाही. का नाही विचारलं? मी याचा खूप विचार केलाय. आमच्या घरात समोर जाऊन बोलणं म्हणजे भांडण आणि लिहून लावणं म्हणजे शिस्त, असं होतं. माझ्या वडिलांनी वाड्याच्या नळावर पाटी लावली होती, मामांनी सायकलवर लावली होती. कोणाचं नाव घ्यायचं नाही, पण ज्याला लागायचं त्याला बरोबर लागलं पाहिजे. त्यात आम्हाला सभ्यपणा वाटायचा. अजून खरं सांगायचं तर त्यात मजा वाटायची.

तर मी पाटी लिहिली. कार्डशीटवर, काळ्या शाईने, समास सोडून.

"सकाळी सातपूर्वी गरम पाण्याचा नळ सोडून इतरांची झोपमोड करणाऱ्यांनी, आपल्याला जसे हात आहेत तसे इतरांना कान आहेत, हे ध्यानात ठेवावे. – सचिव."

सचिव मीच होते. खाली जिन्याजवळच्या फलकावर चार टाचण्यांनी पाटी लावली, दोन पावलं मागे सरून ती सरळ आहे ना हे पाहिलं. संध्याकाळपर्यंत दोघातिघांनी तिचे फोटो काढले. शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ मुद्दाम थांबून म्हणाले, सुमनताई, झकास जमलंय. सोसायटीच्या ग्रुपवर हसणारे चेहरे आले. आणि एकाने लिहिलं, त्या लोकांचं पहाटेपासून काही ना काही चालूच असतं. त्याखाली आणखी दोघांनी अंगठा दाखवला. मी ते वाचलं. आपण असं काही म्हटलेलं नाही, आपण फक्त नळाबद्दल म्हटलंय, असं मनाशी म्हणून फोन उपडा ठेवला. तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी ख्याती, आणि नेमकी त्या दिवशी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले. मी जागीच होते. भिंत गप्प. सहा वाजले, गप्प. हे सातपर्यंत लहान मुलासारखे झोपले. मी उठून देवापुढे दिवा लावला आणि वहीत तारीख घालून लिहिलं, आवाज बंद. निष्कर्ष बरोबर.

डिसेंबर, जानेवारी. काय सुंदर थंडी पडली होती त्या वर्षी. हे हळूहळू गच्चीपर्यंत चढायला लागले. दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसायचे, पेरूला तिखटमीठ नको म्हटलं की माझ्याशी वाद घालायचे. मला वाटायचं, हा माणूस मी ओढून आणलाय परत. मटार त्या वर्षीही वर आले, पण ते शाहीन दारात ठेवून गेली. मी पायरीवर परात घेऊन दोनदा बसून पाहिलं. अम्मा आली नाही. एकदा बंद दाराआडून तिचा खोकला ऐकला. मनात म्हटलं, रागावली असेल, येईल आपोआप. पाटी माझी आणि रुसून बसायचं तिने, याचा मला थोडा रागही आला होता. आणि सातनंतर आमची आंघोळ सुरू झाली की भिंतीतून येणारा टकटकाट? तो तर रोज होताच. पण तो आमच्या पाण्याचा होता. आपला तो बाब्या. त्याची वहीत नोंद नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. पहाटे खालून मोठ्याने भांडं पडल्याचा आवाज आला. जर्मनचं पातेलं फरशीवर पडून गरगरत जातं तसा. मग एक ओरडणं, ते मात्र फार बारीक. हे दचकून उठले. आणि मी काय म्हणाले तेही लिहायलाच हवं. मी म्हणाले, "बघा. नळ बंद केला तर आता भांडी आपटायला लागले."

मग शाहीनची धावपळ, दार, जिन्यात पावलं, रिक्षावाल्याला हाका. मी गाऊनवर शाल ओढून खाली आले तेव्हा शाहीन आणि रिक्षावाला अम्माला चादरीत घालून उतरवत होते. तिचे डोळे मिटलेले. पायावर ओलं फडकं होतं. मी जिन्याच्या कडेला सरकून वाट दिली, तेवढंच केलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं आणि पाऊल भाजलं होतं. दोन दिवसांनी डाळिंबं घेऊन मी दवाखान्यात गेले. अम्मा औषधाच्या गुंगीत. शाहीनने मला स्टूल दिलं. कसं झालं विचारलं तर तिने शांतपणे सांगितलं, आवाजात टोमणा अजिबात नाही, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "अम्मी गॅसवर पाणी तापवून पातेलं बाथरूमपर्यंत नेत होत्या. रोजच. सातच्या आधी नळ सोडायचा नाही ना, म्हणून. मी म्हणायचे मला उठवा, पण ऐकायच्या नाहीत." मी, अरेरे, म्हटलं. एवढं कुठे म्हणाले होते मी, असं मनात म्हटलं. आणि परतताना बसमध्ये सगळा रस्ता स्वतःशी वाद घातला. मी काय पातेलं उचलायला सांगितलं होतं? यांचं हृदय महत्त्वाचं नव्हतं का? वादात मी जिंकत होते. तरी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली. सोसायटीचा प्लंबर गावाला गेला होता म्हणून कोणीतरी शिवण्याच्या बबनरावांचं नाव सांगितलं. साठीचा माणूस, गुडघ्यावर फडकं बांधून काम करणारा. त्याने भिंतीवर हात फिरवला, गरम नळ सोडायला सांगितला आणि कान लावून उभा राहिला. टक्. टक् टक्. मग त्याने माझी परवानगी न विचारता छिन्नी घेतली आणि पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथली फरशी काढली.

"ताई, ह्ये सिमेंट कुणी भरलंय?"

मी म्हटलं, मीच भरून घेतलं. मे महिन्यात बाथरूमच्या फरश्या नव्या बसवल्या तेव्हा पाइपभोवती बोटभर फट होती. झुरळं यायची, दिसायलाही वाईट. गवंडी म्हणत होता राहू द्या, मीच उभं राहून ठासून भरून घेतलं होतं.

बबनराव हसला नाही. म्हणाला, "गरम पाण्याचा पाइप हाय ह्यो. तापला की लांबतोय, निवला की आखडतोय. त्याला हलाया जागा पायजे. तुम्ही त्याचा गळा धरलाय, मग त्यो वरडणार न्हाई तर काय. खालच्यांनी पाणी घेतलं तरी वरडणार, तुम्ही घेतलं तरी वरडणार."

एक टक् तापताना, एक निवताना. अम्माने नळ एकदाच सोडला होता, दुसऱ्यांदा कधीच नाही.

मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. एकतीस वर्षं मी जलसेतूंचे नकाशे काढले. सिमेंटच्या दोन तुकड्यांमध्ये फट सोडायची, उन्हात ते फुगतात, फट नसेल तर फुटतात. ही फट मी हजारदा आखली होती, तिचं माप डोळे मिटून सांगितलं असतं. आणि घरात ती दिसली तेव्हा मला झुरळं आठवली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाही माझा, अंधारही माझा आणि ठेचकाळली भलतीच. बबनरावने सिमेंट खरवडून काढलं, ताणाने झिरपायला लागलेला जोड आवळला, पाइपावर प्लॅस्टिकची मोठी नळी चढवली, रबर घालून क्लॅम्प मारला. पुन्हा नळ सोडला. काही नाही. पाणी गेल्याची नुसती सळसळ. तासाभराचं काम. तो हात धुऊन गेला आणि मी पुन्हा पुन्हा नळ सोडून बघत राहिले, कदाचित आवाज येईल म्हणून. त्या दिवशी तो आवाज यायला हवा होता मला.

यांना सांगितलं. हे म्हणाले, आता बंद झालाय ना, मग उकरून काय मिळणार, त्या बाईचं हाड काय जुळून येणार आहे का. नवऱ्याचं एक वाक्य बायकोला किती सोयीचं पडू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या वाक्याआड तीन वर्षं बसले.

पाटी तोवर फलकावरच होती, उन्हाने पिवळी पडलेली. मी ती दुपारी दोन वाजता काढली. दुपारी दोनला आपल्याकडे जिन्यात कुत्रंसुद्धा नसतं. तिच्या जागी माफीची लावावी म्हणून कागद घेतला. पाच-सहा मसुदे केले. प्रत्येक मसुदा वाचला की भाषा चांगली झालीय असंच वाटायचं. शेवटी सगळे फाडले. सचिवपद मात्र सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. लोकांनी निरोपाला नारळ दिला आणि भाषणात एक जण म्हणाला, ताईंच्या पाटीने काम केलं ते दहा मीटिंगांनी झालं नसतं. सगळे हसले. मी नारळ पदरात धरून बसले.

अम्मा घरी परतली नाही. दवाखान्यातून तिला वाघोलीला मुलीकडे नेलं, तिथे तळमजला आहे, जिना नाही. दोन महिने म्हणून नेलं होतं. वर्षभराने हारूननेही तिथेच जवळ भाड्याने जागा पाहिली. आईसाठी. वाघोलीहून मार्केट यार्ड म्हणजे त्याला आता अजून तासभर आधी निघावं लागतं. जाताना तो किल्ली द्यायला वर आला होता. काकी, काही पाणीबिणी गळलं तर बघा, म्हणाला. तेव्हासुद्धा मी सांगितलं नाही.

सांगायला गेले ते परवा. ती मुलगी सातच्या आधी गरम पाणी घेऊ का विचारून गेली आणि दोन दिवस मला काही सुचेना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली एवढ्यावर हे थांबलं नव्हतं, फाशीचा दोर अजून लटकत होता आणि येणारी जाणारी पोरं त्याच्याखालून वाकून जात होती. तिसऱ्या दिवशी यांना जेवण वाढून मी निघाले. दोन बस बदलल्या. वाघोलीत सगळीकडे अर्धे बांधलेले टॉवर, धूळ, वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथली थंडी आपल्या थंडीपेक्षा कोरडी. अम्माच्या मुलीने, नसीमने, दार उघडलं, मला ओळखलं आणि आत नेलं.

अम्मा खिडकीपाशी पलंगावर बसली होती. फार बारीक झालीय. चेहरा तेवढाच, पण हातांवर नुसती कातडी. मला बघून हसली आणि पहिलं काय विचारलं तर यांची तब्येत. ठीक आहेत म्हटल्यावर अल्लाचे आभार मानले, मनापासून. मग म्हणाली, पायरीवर अजून ऊन येतं का गं. येतं म्हटलं. समोरची बिल्डिंग उंच झाली म्हणतात, तरी येतं? येतं, पण अर्धा तासच. तिने मान हलवली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या खिडकीतून सिमेंटची पोती दिसत होती.

मग मी सगळं सांगितलं. मे महिन्यातली फट, सिमेंट, वही, बबनराव. पातेलं पडलं तेव्हा मी काय म्हणाले तेही. अम्माने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी पलंगाच्या कडेवर टेकले.

"तुझं बाथरूम झालं त्याच्यानंतरच तर सुरू झालं ते. तुला वरून ऐकू यायचं, मला खालून. हारून म्हणत होता, वर जाऊन सांगतो, पाइप तुमच्याकडे अडकलाय. मीच नको म्हटलं."

"का अम्मा? एक शब्द बोलली असतीस."

"तू दार वाजवून आली असतीस तर बोलले असते. बारा वर्षं येत होतीस की. तू पाटी लावलीस. पाटीला काय सांगायचं, सुमन?"

नसीमने चहा आणला. मी कप बाजूला ठेवला. म्हटलं, मी आता सोसायटीत सगळ्यांना सांगते. काय घडलं ते लिहून लावते, माझ्या नावाने.

"परत लिहून?" अम्मा म्हणाली.

मला हसू येईल असं वाटलं आणि रडू आलं. पदर तोंडाला लावून मी पुष्कळ रडले, माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही एवढं. अम्मा माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मी माफी मागितली. तिने लगेच दिली, मागितलेला पेला पुढे करावा तशी.

"माफ केलं गं. तेव्हाच केलं होतं." मग ती म्हणाली, "तू आता तुझ्या घरी जाशील. मला इथंच राहायचंय."

ती रागाने म्हणाली नाही. मला हे लिहिताना नक्की सांगायचं आहे की तिच्या बोलण्यात राग नव्हता. जसं आहे तसं सांगितलं तिने. नंतर आम्ही मटारचा भाव, गुडघे, नसीमच्या मुलाची परीक्षा असलं काहीबाही बोललो. मग ती म्हणाली, ऊन उतरलं की बस मिळत नाही, नीघ आता.

मी उठले, दारात चपला घातल्या आणि वळून पाहिलं. मला पोचवायला दारापर्यंत यावं म्हणून अम्माने पलंगाशी ठेवलेल्या वॉकरला हात लावला होता. क्षणभर तो हात तिथे राहिला. मग तिने तो उचलून परत मांडीवर ठेवला.